काशीचे विणणे आणि काशीचे नेसणे

काशी नगरीच्या वेषाचा विचार करू लागताच एक विसंगती प्रथम ध्यानात येते. भारतातील अत्यंत मौल्यवान आणि जरतारी वस्त्र ज्या नगरात विणले जाते, त्या नगराचा स्वतःचा आवडता पोशाख म्हणजे खांद्यावर टाकलेला एक सुती गमछा. किनखाब, जंगला, शिकारगाह, तनछुई, कतान ही नावे ज्या गल्ल्यांतून रोजच्या बोलण्यात ऐकू येतात, त्या गल्ल्यांपासून फार दूर नसलेल्या घाटावर सधन आणि निर्धन दोघेही तोच गमछा कमरेला गुंडाळून पाण्यात उतरतात. गरिबी हे या साधेपणाचे कारण म्हणता येणार नाही. कारण ज्याची पेढी चौकात आहे असा व्यापारीही सकाळच्या प्रहरी त्याच वेषात दिसतो, आणि त्या वेषात दिसण्याचा त्याला अभिमानही असतो. विणणे आणि नेसणे या दोन क्रियांमधील हे अंतर कसे निर्माण झाले, आणि या नगरात येऊन राहिलेल्या मराठी मंडळींनी ते आपल्या अंगावर कसे वागविले, हा या लेखाचा विषय आहे.

काशीच्या वस्त्राची कीर्ती फार जुनी आहे. अंगुत्तर निकायात बुद्ध आपल्या राजपुत्रदशेतील सुखांचे वर्णन करतो तेव्हा नेसण्यापांघरण्याची वस्त्रे काशीचीच असल्याचे आवर्जून सांगतो. पतंजलीला महाभाष्यात गुणांच्या तारतम्याचे उदाहरण हवे असते तेव्हा तो बाजारातील दोन वस्त्रे उचलतो : लांबीरुंदीने सारखीच, परंतु काशीच्या वस्त्राचे मोल एक आणि मथुरेच्या वस्त्राचे दुसरे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात उत्तम सुती कापडाच्या देशांची यादी आहे. तीत काशीबरोबर अपरांत, म्हणजे आपले कोकण, हेही नाव आहे. या तिन्ही उल्लेखांत आजच्या अर्थाने 'बनारसी' म्हणावे असे काहीच नाही. काशीची प्राचीन ख्याती सुती आणि क्षौम वस्त्राची होती. सोळाव्या शतकाच्या अखेरीस येथे आलेल्या राल्फ फिच या इंग्रज प्रवाशानेही सुती कापड आणि पागोट्यांची वस्त्रे यांचीच नोंद केली. रेशीम आणि जर यांचा वैभवकाल मोगल अमदानीत आणि त्यानंतर आला. म्हणजे ज्या गमछ्याला आज आपण साधे वस्त्र समजतो, तो या नगराच्या जुन्या विद्येचा वंशज आहे, आणि किनखाब हा नंतर आलेला पाहुणा आहे.

गमछ्याचे कारण मात्र इतिहासापेक्षा भूगोलात अधिक सापडते. काशीत गंगा उत्तरवाहिनी आहे. सारे नगर तिच्या पश्चिम तीरावर वसले असून त्याचे तोंड उगवतीकडे आहे. सकाळचे स्नान येथे केवळ धर्मकृत्य नसून दिवसाचा सार्वजनिक आरंभ आहे. ज्या नगरात दिवसातून एकदा तरी चारचौघांत वस्त्र उतरवावे लागते आणि पुन्हा नेसावे लागते, तेथे वेषाविषयीचा संकोच फार काळ टिकत नाही. नीता कुमार यांनी बनारसच्या कारागिरांवरील आपल्या ग्रंथात (१९८८) 'बहरी अलंग' या रिवाजाचे विस्ताराने वर्णन केले आहे. गावाबाहेर किंवा नदीपार जायचे, भांग घोटायची, कपडे स्वतः धुवायचे, स्नान करायचे आणि निवांत परतायचे, असा हा नित्यक्रम. कपडे धुण्याच्या भागाला 'साफा-पानी' असे स्वतंत्र नाव आहे. कपडे धुणे हा विरंगुळ्याचा भाग ठरावा, ही कल्पना पुण्यामुंबईच्या माणसाला चमत्कारिक वाटेल. परंतु त्यावरून एवढे निश्चित दिसते की, बनारसी माणसाला वस्त्राचे मोल त्याच्या किमतीत वाटत नाही. ते स्वच्छ, सुटसुटीत आणि आपल्या हाताखालचे असावे एवढीच त्याची अपेक्षा असते. या वृत्तीला येथे 'फक्कडपणा' म्हणतात. तिच्या पाठीशी नगराचे दैवतही उभे आहे : एकीकडे सुवर्णाची अन्नपूर्णा, आणि दुसरीकडे हत्तीचे कातडे पांघरणारा कृत्तिवासेश्वर.

या ठिकाणी वस्त्राच्या आणखी एका भेदाकडे वळले पाहिजे, तो म्हणजे शिवलेले आणि न शिवलेले. मराठी भाषेने हा भेद क्रियापदांतच जपला आहे. धोतर आणि लुगडे आपण नेसतो, सदरा अंगात घालतो, शाल पांघरतो, पागोटे बांधतो, उपरणे घेतो. हिंदीत साडी आणि कुडता या दोहोंनाही 'पहनना' हे एकच क्रियापद चालते. आता महाराष्ट्रातील शहरांतूनही 'साडी घातली' असा प्रयोग कानी पडू लागला आहे. तो ऐकून जुन्या पिढीला खटकते, आणि ते खटकणे निव्वळ व्याकरणाचे नसते. 'नेसणे' या शब्दात वस्त्राला दर वेळी नव्याने आकार देण्याची क्रिया आहे. 'घालणे' या शब्दात आकार आधीच कोणीतरी देऊन ठेवलेला आहे. कर्मकांडाने न शिवलेले वस्त्र पवित्र मानले, त्याच्या मुळाशीही काही प्रमाणात हीच दृष्टी असावी.

संतांनी या पावित्र्याकडे वेगळ्या बाजूने पाहिले. काशीचा कबीर विणकर होता, काशीचाच रविदास चामड्याचे काम करणारा होता, आणि पंढरपूरचा नामदेव शिंपी होता. शिखांच्या ग्रंथसाहेबात हे तिघे एकत्र येतात. नामदेवाची एकसष्ट पदे तेथे समाविष्ट आहेत आणि त्यांत शिंप्याचा गज आणि कात्री ही भक्तीची साधने झालेली आहेत. कबीराने देहाला चादरीची उपमा दिली ती कोणत्याही काव्यशास्त्रातून घेतलेली नाही. ती मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेल्या माणसाला सुचलेली आहे. विणणारा, शिवणारा आणि पायांसाठी जोडे करणारा, म्हणजे माणसाला आपादमस्तक वेष देणारे तीन कारागीर, भारतीय भक्तिकाव्याच्या अग्रभागी उभे आहेत; परंतु ज्यांच्या अंगावर त्यांनी केलेली वस्त्रे होती, त्यांच्या सोवळ्यात या तिघांना प्रवेश नव्हता. काशीच्या वेषाचा कोणताही विचार या वस्तुस्थितीला वळसा घालून करता येणार नाही.

मराठी मंडळी काशीत आली ती प्रामुख्याने विद्येसाठी आणि मोक्षासाठी. सोळाव्या शतकात पैठणचे रामेश्वरभट्ट येथे येऊन स्थायिक झाले. त्यांचे पुत्र नारायणभट्ट यांनी 'त्रिस्थलीसेतु' रचला, आणि त्याच घराण्यातील गागाभट्टांनी १६७४ मध्ये रायगडावर शिवाजी महाराजांना राज्याभिषेक केला. पैठणच्याच एकनाथांनी आपली भागवतावरील टीका १५७३ मध्ये काशीत पूर्ण केली. पैठण आणि काशी यांच्यामधील हा संबंध केवळ शास्त्रचर्चेचा मानला जातो; पण ही दोन्ही नगरे रेशमी वस्त्राचीही नगरे आहेत. त्यांच्या विणण्यातला फरक लक्षात घेण्याजोगा आहे. पैठणीच्या पदरात वेगवेगळ्या रंगांचे बाणे एकमेकांत अडकवून नक्षी उभी केली जाते. त्यामुळे पदराची मागची बाजू जवळजवळ पुढच्यासारखीच दिसते. बनारसी वस्त्रात मूळ पोताच्या वर जादा बाण्याने बुट्टी काढतात. 'कढुआ' पद्धतीत प्रत्येक बुट्टी स्वतंत्रपणे विणली जाते, तर 'फेकवा' पद्धतीत धागा एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत फेकून मागचे मोकळे धागे नंतर कापून टाकतात.

ब्रह्माघाट, दुर्गाघाट आणि पंचगंगाघाट या परिसरात मराठी घरे वसली. पेशवाईच्या आणि शिंदे-होळकर-भोसल्यांच्या आश्रयाने घाट, वाडे आणि अन्नछत्रे उभी राहिली. अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात विश्वेश्वराचे मंदिर पुन्हा बांधले आणि त्याच अहिल्याबाईंनी नर्मदाकाठी महेश्वरला विणकर आणून वसविले. या मराठी घरांनी आपल्याबरोबर सोवळ्याची संपूर्ण व्यवस्था आणली : पुरुषांचा मुकटा, कद आणि पीतांबर, थंडीसाठी धाबळी, आणि स्त्रियांचे कासोट्याचे लुगडे. काशीच्या पंडितांची बगलबंदी आणि मराठी बाराबंदी या दोहोंची बंदांची रचना इतकी जवळची की त्या बाबतीत नव्याने काही स्वीकारावे लागले नाही. डोक्यावरचे पागोटे मात्र पुढे उतरले. त्याची जागा प्रथम टोपीने आणि नंतर उघड्या डोक्याने घेतली.

सोवळ्याच्या या व्यवस्थेत एक गोष्ट सर्वांना ठाऊक असूनही बोलली जात नसे. रेशीम हे स्वभावतःच शुद्ध मानलेले वस्त्र. मनुस्मृतीने रेशीम आणि लोकर यांच्या शुद्धीसाठी खारी माती सांगितली आहे, आणि मराठी घरांत मुकटा रोज न धुताही सोवळ्याचा चालतो, तो याच समजुतीने. परंतु काशीत हे रेशीम विणणारे हात मदनपुरा, अलईपुरा, लल्लापुरा येथील अन्सारी मुसलमानांचे होते आणि बहुतांशी आजही आहेत. ज्या शास्त्रीबुवांना स्नानोत्तर कोणाचा स्पर्श चालत नसे, त्यांच्या अंगावरील वस्त्राच्या प्रत्येक धाग्याला मोमिनपुत्राचा स्पर्श झालेला असे. यात दांभिकपणा शोधणे सोपे आहे. पण दुसऱ्या बाजूने पाहिले तर, धर्माच्या नियमांनी जी दोन घरे एकमेकांना बंद होती, त्यांच्यामध्ये वस्त्र हाच एक सतत चालू असलेला व्यवहार होता, असेही दिसते. विणकराला हिंदू लग्नसराईचे मुहूर्त ठाऊक असतात. कोणत्या प्रांताला कोणता रंग अशुभ आणि कोणाला कोणता काठ हवा हे तो जाणतो. ही जाण धर्मग्रंथांतून आलेली नाही. ती गिऱ्हाइकाच्या निवडीतून पिढ्यान्‌पिढ्या साठत गेली आहे.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर या जाणिवेचे फळ म्हणजे शालू. मराठी वधूच्या अंगावरील बनारसी शालू हा आज इतका 'आपला' वाटतो की तो परप्रांतातून येतो हे सांगावे लागते. विवाहात मामाने दिलेली अष्टपुत्री पिवळी आणि सासरचा शालू यांचे स्थान मराठी घरात ठरलेले असते. शालू पेटीत जपला जातो, मुलीला दिला जातो, आणि अखेर त्याची जर विकूनही संसाराला हातभार लागल्याच्या आठवणी घराघरांत सांगितल्या जातात. नऊवारी नेसण्याची रीत असताना शालूही नऊवारीच लागे. सहावारी रूढ झाल्यावर मागावरची लांबी बदलली. पुण्यातील एखाद्या मुलीने कासोटा सोडला, याची वर्दी अशा रीतीने गंगेच्या काठी मदनपुऱ्यातील मागाला पोहोचली.

काशीतील मराठी स्त्रीच्या बाबतीत हा बदल अधिक गुंतागुंतीचा होता. कासोट्याच्या लुगड्यावरून ती गल्लीत चटकन ओळखू येई. शेजारी उत्तर भारतीय स्त्रीचा सरळ पदर उजव्या खांद्यावरून पुढे येणारा आणि डोक्यावरून घेतलेला. मराठी स्त्रीचा पदर डाव्या खांद्यावर आणि सधवेचे डोके बहुधा उघडे. मुलींच्या शाळा सुरू झाल्या, सहावारी आली, आणि ही ओळख पुसट होत गेली. आज काशीतील मराठी घरातील नऊवारी गणेशोत्सवात, मंगळागौरीला आणि लग्नकार्यात बाहेर निघते. पुरुषांचे तर भाषेनेही रूपांतर झाले; १८८३ मध्ये काशीतच जन्मलेले बाबूराव विष्णु पराडकर 'आज' या दैनिकाचे संपादक म्हणून आधुनिक हिंदी पत्रकारितेचे एक शिल्पकार ठरले. वेष सोडला म्हणून मराठीपण गेले असे या घरांच्या बाबतीत म्हणता येणार नाही, आणि वेष राखला म्हणून ते राहिले असेही म्हणता येणार नाही.

परंतु वस्त्राची एक रीत अशी होती की जिचे जाणे हे कोणत्याही विवेकी माणसाला हानी वाटणार नाही. काशी हे विधवांचे नगर होते. काशीवासासाठी आलेल्या किंवा पाठविलेल्या स्त्रिया घाटाच्या पायऱ्यांवर बसलेल्या असत, आणि त्यांचा प्रांत त्यांच्या वस्त्रावरून कळे. बंगाली विधवेच्या अंगावर काठ नसलेले पांढरे थान असे. मराठी ब्राह्मण विधवा केशवपन केलेल्या मस्तकावर तांबडे आलवण घेई. रंग वेगळे, पण दोन्ही वस्त्रांचा आशय एकच : या स्त्रीने यापुढे स्वतःच्या इच्छेने काहीही नेसावयाचे नाही. काशीत जन्मलेल्या राणी लक्ष्मीबाईंची येथे सहज आठवण होते. पतिनिधनानंतर १८५४ मध्ये त्यांना भेटलेल्या जॉन लँग याने त्यांच्या अंगावर साधे पांढरे मलमलीचे वस्त्र असल्याचे लिहिले आहे, आणि गोडसे भटजींच्या 'माझा प्रवास'मध्ये त्यांचा पुरुषी वेषही वर्णिला आहे. राज्ञीपदाने त्यांना जी मोकळीक दिली ती सामान्य घरातील बालविधवेला कोठून मिळणार? १८५६ च्या कायद्याने पुनर्विवाह वैध झाला, १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी विधवेशी विवाह केला आणि पुढे हिंगण्याचा आश्रम उभा केला. तरी आलवण नाहीसे व्हायला विसावे शतक बरेच पुढे जावे लागले. ते गेले तेव्हा कोणी त्याचे नमुने वस्तुसंग्रहालयासाठी जपले नाहीत. भारतीय वस्त्रांच्या इतिहासात नक्षीची चर्चा पुष्कळ होते. ज्या वस्त्रात मुद्दाम नक्षी ठेवली नाही त्याची चर्चाही तितक्याच आस्थेने व्हावयास हवी.

वेष हा इच्छेचा विषय आहे, आणि म्हणून तो राजकारणाचाही विषय आहे, हे काशीने लवकर ओळखले. भारतेंदु हरिश्चंद्रांनी १८७४ मध्ये 'कविवचनसुधा'तून विलायती कापड न वापरण्याची प्रतिज्ञा जाहीर केली. त्याच सुमारास पुण्यात गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, यांनी तेच व्रत घेतले आणि १८७७ च्या दिल्ली दरबारात ते हातसुताच्या खादीत हजर राहिले. १९०५ मध्ये स्वदेशीच्या वादळात राष्ट्रीय सभेचे अधिवेशन काशीत भरले, त्याचे अध्यक्ष गोपाळ कृष्ण गोखले होते. आणि फेब्रुवारी १९१६ मध्ये, हिंदू विश्वविद्यालयाच्या स्थापनेच्या समारंभात, गांधींनी व्यासपीठावरील राजेमहाराजांच्या जडजवाहिराकडे बोट दाखवून, ते उतरविल्यावाचून देशाचा उद्धार नाही असे स्पष्ट सांगितले. त्या भाषणाने सभेत खळबळ उडाली. ते पुरे होऊ शकले नाही. त्याच वर्षी परीक्षेची वाट सोडून संस्कृत शिकण्यासाठी काशीत आलेल्या विनोबा भावे या मराठी तरुणाने त्या भाषणाचा वृत्तांत वाचला, गांधींना पत्र लिहिले आणि ७ जून १९१६ रोजी तो त्यांना अहमदाबादेत जाऊन भेटला. पुढे त्याने आयुष्यभर सूत कातले. काशीच्या फक्कडपणाला एक नैतिक अर्थ असू शकतो, हे त्या एका प्रसंगातून प्रकट झाले.

आजच्या काशीत वेषाचे दोन प्रवाह शेजारी शेजारी वाहताना दिसतात. जीन्स आणि टी-शर्ट हा येथील तरुणांचा इतर कोणत्याही शहरासारखाच नित्याचा पोशाख आहे. त्याच वेळी दशाश्वमेध घाटावर सायंकाळच्या आरतीला तरुण पुजारी एकसारख्या रेशमी वस्त्रांत उभे राहतात, आणि परंपरेला गणवेषाचे रूप येते. एप्रिल २०२४ मध्ये विश्वेश्वराच्या मंदिरात नेमलेल्या काही पोलिसांना गणवेषाऐवजी धोतर-कुडता देण्यात आला, तेव्हा त्यावर जाहीर वाद झाला. पोलिसांनी धोतर नेसावे की नाही, हा त्या वादाचा वरवरचा विषय होता. खरा प्रश्न असा की, ज्या नगरात वेष हा घाटावरच्या मोकळेपणातून घडत गेला, तेथे तो नेमून देण्याची गरज का भासावी?

आणि विणकरांच्या वस्तीत प्रश्न याहून कठीण आहे. २००९ मध्ये बनारसी साड्यांना भौगोलिक निर्देशाचे संरक्षण मिळाले. परंतु यंत्रमागाने आणि अन्य ठिकाणच्या नकली मालाने हातमागाचे क्षेत्र आक्रसत गेले आहे. दोन माणसांचे कित्येक आठवडे घेणारा कढुआ शालू आणि काही तासांत उतरणारी त्याची प्रतिकृती दुकानाच्या काचेआड शेजारी लटकतात. साधारण गिऱ्हाइकाने वस्त्र उलटे करून पाहिले तरच त्याला फरक कळावा, आणि उलटे करून पाहण्याची सवय आता राहिलेली नाही. विणकरांच्या बोलीत काम बंद ठेवण्याला 'मुर्री बंद' असा शब्द आहे. अगहनच्या जुम्म्याच्या नमाजासाठी माग थांबत, तेव्हा त्या शब्दात विसावा होता. २०२० मध्ये विजेच्या दराच्या प्रश्नावरून माग थांबले, तेव्हा त्यात पोटाची काळजी होती. बापाच्या मागावर बसण्यापेक्षा सुरतेच्या गिरणीत जाणे मुलाला बरे वाटते, आणि त्याबद्दल त्याला दोष देता येणार नाही.

नगराची संस्कृती माणसांचा वेष घडविते, असे म्हणण्याचा प्रघात आहे. काशीचे उदाहरण पाहता त्या विधानाला एक पुस्ती जोडावी लागते : वेष घडतो तो नेसणाऱ्याच्या मनात आणि विणणाऱ्याच्या हातात, आणि या दोघांची ओळख जोपर्यंत राहते तोपर्यंतच वस्त्राला नगराचे नाव शोभते. पतंजलीने सांगितलेले काशीच्या वस्त्राचे वेगळे मोल लांबीरुंदीत नव्हते, हे त्या काळच्या गिऱ्हाइकाला समजत होते. मराठी घरांत पुढच्या लग्नसराईला शालू घेतला जाईल तेव्हा तो उलटा करून पाहिला जातो की नाही, यावर मदनपुऱ्यातील काही माग चालू राहणे किंवा बंद पडणे अवलंबून आहे.